सूर्यबिंबावरील शुक्राचा ठिपका
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आयुष्यभर फायलींवर शेरे मारणाऱ्या सरकारी सेवकाने खगोलशास्त्रावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु आज मी येथे उभा आहे, तो केवळ एका हुकलेल्या छायाचित्राचा धनी म्हणून.

शुक्र हा पृथ्वी आणि सूर्य यांच्या नेमका मध्ये आला, की सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. ह्यालाच अधिक्रमण म्हणतात. आठ वर्षांच्या अंतराने असे दोन योग येतात. पुढे शतकाहून अधिक काळ एकही येत नाही. १८८२ नंतरचा पहिला योग ८ जून २००४ रोजी आला.

त्या दिवशी गच्चीवर दुर्बीण मांडून तिच्या तोंडाशी सौरगाळणी बसविली व मागे कॅमेरा जोडला. तीर्थरूप शेजारी बसून प्रत्येक चित्राची वेळ वहीत टिपत होते. सायंकाळपर्यंत छत्तीस चित्रे झाली. कॅमेरा उघडला, तो काय! फिल्मचे टोक आतील चक्रीत अडकलेलेच नव्हते. आकडा सरकत होता. फिल्म मात्र जागची हललीच नव्हती. तीर्थरूप इतकेच म्हणाले, "आठ वर्षांनी पुन्हा आहे ना?"

फ्रेंच ज्योतिर्विद गियोम ल जांती ह्याच्यापुढे माझे दुःख ते काय? १७६१ चे अधिक्रमण त्याला डोलत्या जहाजावरून पाहावे लागले, त्यामुळे वेध निरुपयोगी ठरला. आठ वर्षे तो पूर्वेकडेच राहिला आणि १७६९ मध्ये पाँडिचेरीस ऐन वेळी आभाळ भरून आले!

६ जून २०१२ रोजी सूर्य उगवला, तोच शुक्राला भाळी घेऊन. ढगांच्या फटींतून चार चित्रे मिळाली. सूर्याच्या व्यासाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढा तो ठिपका! पण वेळ टिपणारे तीर्थरूप तोवर निवर्तले होते. त्यांतले एक चित्र मी त्यांच्या त्याच वहीत, त्यांच्या अक्षराखाली चिकटविले आहे.

शुक्राचे पुढील अधिक्रमण ११ डिसेंबर २११७ रोजी आहे. ते आपणांपैकी कोणाच्या नशिबी नाही. मात्र १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बुधाचे अधिक्रमण भारतातून दिसेल. बुधाचा ठिपका फारच लहान, म्हणून दुर्बीण हवीच. तरुणांनो, गाळणी दुर्बिणीच्या तोंडाशीच लावा, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नका, आणि आदल्या दिवशी एकदा रंगीत तालीम करा. शेजारी वेळ टिपायला घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य बसवा.