आशियातील राज्यपद्धती आणि नागरिकांचे हक्क



शेतजमिनीचा व्यवहार ज्यांनी केला आहे, त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असणे निराळे आणि जमिनीचा ताबा असणे निराळे. कागद चोख असतो, शिक्काही असतो; पण बांधावर जाऊन पाहावे तर नांगर भलत्याचाच चाललेला! मग प्रश्न उरतो तो एकच : दाद कोणाकडे मागायची? आशियातल्या निरनिराळ्या देशांत राज्य कसे चालते आणि नागरिकाला हक्क कोणते, हा आजचा विषय. विषय पुस्तकी वाटेल खरा. पण सातबारा आणि ताबा ही जोडी मनात ठेवलीत, म्हणजे तो घरचाच वाटू लागेल.

पहिली गोष्ट ही, की राज्याच्या नावावर जाऊ नये. जपानात आजही सम्राट आहे. पण १९४७ साली अमलात आलेल्या घटनेने त्याच्या हाती राज्यकारभाराची सत्ता ठेवलेली नाही. तो राष्ट्राचे केवळ प्रतीक आहे. सरकार बनते ते लोकांनी निवडलेल्या सभागृहांतून, आणि घटनेविरुद्ध केलेला कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला आहे. उलट उत्तर कोरियाचे अधिकृत नाव पाहा. त्यात लोकशाही आहे, लोक आहेत आणि प्रजासत्ताकही आहे. सत्ता मात्र १९४८ पासून एकाच घराण्यात, आजोबांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली. पाटीवरून दुकानातला माल ओळखू नये, तसेच हे.

घटनेतल्या हक्कांच्या यादीवरही एकदम भुलू नये. चीनच्या १९८२ च्या घटनेतले पस्तिसावे कलम भाषण, मुद्रण, सभा, संघटना, मिरवणूक आणि निदर्शने यांचे स्वातंत्र्य देते. आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमाशेजारी ते ठेवले, तर शाळेतल्या मुलाला फारसा फरक दिसणार नाही. फरक आहे तो पुढेच. समजा, एखाद्याची सभा बंद पाडली. 'हा कायदाच घटनेविरुद्ध आहे, तो रद्द करा,' असे त्याला न्यायालयात म्हणता येईल का? चीनमध्ये येत नाही. घटनेचा अर्थ लावण्याचे काम तिथे न्यायालयाकडे नाही. ते राष्ट्रीय प्रतिनिधिसभेच्या स्थायी समितीकडे आहे. आणि कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व २०१८ साली घटनेच्या पहिल्याच कलमात घातले गेले. म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध, निवाडाही त्याच्याच ओसरीवर!

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की अहो, चीनने कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून वर काढलं. भाकरी मिळाली म्हणजे झालं; हक्क काय चुलीत घालायचेत? प्रश्न खोटा नाही, आणि चीनची ती कामगिरीही खरी आहे. पण भाकरीचा आणि हक्काचा संबंध किती जवळचा आहे, तेही पाहा. १९५९ ते १९६१ या काळात त्याच चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि कोट्यवधी माणसे मेली. कागदावर पीक अमाप दाखवलेले, म्हणून खेड्यांतून धान्याची वसुली चालूच राहिली. खालचा अधिकारी वरच्याला खरे सांगायला भीत होता, वर्तमानपत्रांना ते छापण्याची सोय नव्हती, आणि सरकारला जाब विचारणारा विरोधी पक्ष तर नव्हताच. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हेच दाखवून दिले, की जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रे मोकळी असतात, तिथे दुष्काळ पडला तरी माणसे अशी लाखांनी मरत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ घ्या. विहिरी आटल्या, जनावरे गेली, बायाबापड्यांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. हाल झाले, फार झाले. पण मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि सरकारला लाखो माणसांच्या हाताला काम द्यावे लागले. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला. तेव्हा सभा-मोर्चाचा हक्क हा पोट भरलेल्यांचा शौक नव्हे, बरं का! उपाशी माणसाची हाक सरकारच्या कानावर जाते ती त्याच वाटेने.

काही देशांत हक्क लिहिलेले असतात, न्यायालयही असते; पण एका रात्रीत सारा डाव मोडला जातो. पाकिस्तानची पहिली घटना १९५६ ची. ऑक्टोबर १९५८ मध्ये ती रद्द करून लष्करी कायदा पुकारला गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात निकाल दिला, की क्रांती यशस्वी झाली म्हणजे तीच कायद्याचा आधार ठरते. घर ज्याने बळकावले त्याचेच ते झाले! तो निकाल चुकीचा होता, असे त्याच न्यायालयाने १९७२ साली सांगितले. पण तोवर लष्करशहा पायउतार झालेला होता. आणि १९७७ साली लष्कर पुन्हा आलेच.

याच्या उलट दक्षिण कोरियात काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सुक-योल यांनी दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा जाहीर केला. सैनिक संसदेच्या आवारात शिरले. पण त्या देशाच्या १९८७ च्या घटनेत एक तरतूद आहे : संसदेच्या निम्म्याहून अधिक सभासदांनी मागणी केली, तर अध्यक्षाने लष्करी कायदा उठवलाच पाहिजे. सामान्य माणसे थंडीत रस्त्यावर उतरली, सभासद कुंपणावरून उड्या टाकून आत गेले. तीनशेपैकी एकशेनव्वद सभासद पोहोचले आणि एकशेनव्वद मते विरुद्ध पडली. उजाडण्यापूर्वी लष्करी कायदा उठला. पुढे ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने अध्यक्षांना पदावरून दूर केले. ती तरतूद आकाशातून पडलेली नव्हती. १९८० साली ग्वांगजू शहरात लष्कराने लोकांवर गोळ्या चालवल्या होत्या. १९८७ साली लोकांनी मोठे आंदोलन करून नवी घटना मिळवली होती. एका पिढीने जे सोसले, ते पुढच्या पिढीच्या कामी आले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या घटनेचे बत्तिसावे कलम सांगते, की मूलभूत हक्क मोडला तर सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागणे, हाच एक मूलभूत हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत या कलमाला घटनेचा आत्मा मानले होते. तुरुंगातल्या कैद्याने लिहिलेले पत्रही न्यायालयाने अर्ज म्हणून दाखल करून घेतल्याचे उदाहरण आहे. पण गर्व नको. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली, आणि कैदेत टाकलेल्या माणसाला त्याविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही, असे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये सांगितले. पाच न्यायाधीशांपैकी एकट्या ह. रा. खन्नांनी विरुद्ध मत दिले. त्यानंतर १९७७ साली मतदारांनी सरकार बदलले. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती १९७८ साली झाली, आणि तो जुना निकाल न्यायालयाने स्वतःच २०१७ साली मोडीत काढला.

शिक्षकबंधू-भगिनींना म्हणून एक विनंती. वर्गात हक्कांची यादी पाठ करून घ्याच. पण कोणत्याही देशाविषयी तीन प्रश्न विचारायलाही मुलांना शिकवा. राज्यकर्ता रक्त न सांडता बदलता येतो का? सरकारविरुद्ध गरिबाचे गाऱ्हाणे ऐकणारे स्वतंत्र न्यायालय आहे का? आणि वाईट बातमी छापता येते का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर हक्क ताब्यात आहे. एरवी तो नुसता सातबारा.

आणि ताबा टिकतो तो वहिवाटीने, हे तुम्हां शेतकऱ्यांना मी काय सांगावे? ग्रामसभेला न जाणे, खर्चाचा हिशेब न विचारणे, २००५ चा माहितीचा अधिकार असून अर्ज न करणे, म्हणजे आपल्याच शेताची वहिवाट आपणच सोडणे होय. पडीक जमिनीवर अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही.