दुरुस्तीची परवानगी म्हणजे पाहण्याची परवानगी नव्हे

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

कार्यक्रमपत्रिकेत ‘संगणक दुरुस्त करणाऱ्यांचे लॅपटॉप आणि आपण’ हा विषय वाचून काहीजणींनी मला सकाळीच विचारलं, की हा आपला प्रश्न कधीपासून झाला? हुंडा, दारू, पोटगी, रेशन हे आपले विषय. दुरुस्तीवाल्याच्या लॅपटॉपशी आपल्याला काय करायचंय? मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं एका जिल्ह्याच्या गावी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. संगणकातली मी तज्ज्ञ नाही. मला जे कळलं ते केंद्रात येणाऱ्या बायकांमुळे कळलं. तेच तुमच्यापुढे ठेवते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात जा. दुरुस्तीच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर असतात, मल्टिमीटर असतो आणि एक लॅपटॉप असतो. हा दुरुस्तीला आलेला नसतो, तो कारागिराच्या कामाचा असतो. आपलं मशीन बिघडलं की तो आतली हार्ड डिस्क काढतो, एका केबलने स्वतःच्या लॅपटॉपला जोडतो आणि डिस्क चालते का ते बघतो. विंडोज नव्याने टाकायचं असेल तर डिस्क पुसली जाते. म्हणून आधी आपल्या सगळ्या फाइलींची प्रत तो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतो. यालाच बॅकअप म्हणतात. काम झालं की फाइली परत भरतो.

हे काम गरजेचं आहे. ते केलं नाही तर आपलीच वर्षांची कागदपत्रं जातील. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती उतरवून घेतलेली प्रत नंतर कुठे जाते?

पुष्कळजणींना वाटतं, माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे, कोण बघणार? पण चालू करतानाचा पासवर्ड म्हणजे घराच्या दाराचं कुलूप. इथे तर कपाटच उचलून दुसऱ्या घरात नेलंय. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की ते कुलूप उपयोगाचं नाही. बिटलॉकरसारखी सोय चालू असेल आणि डिस्कमधला मजकूरच सांकेतिक केलेला असेल, तरच तो बाहेर वाचता येत नाही. दुसरा समज असा, की फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे गेली. नेहमीच्या हार्ड डिस्कवर तसं होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं राहतात, तसा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो, आणि तो परत काढायची सॉफ्टवेअर कारागिराकडे असतात. हरवलेल्या फाइली शोधून देणं हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे.

आता एक हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खाजगी शिकवण्या घेणारी एक बाई आमच्याकडे येत होती. नवरा मारायचा. ती हुशार. प्रत्येक वेळी अंगावरच्या वळांचे फोटो काढून लॅपटॉपमध्ये ठेवत होती. बँकेच्या पासबुकाची पानं, स्त्रीधनाची यादी आणि आमच्याबरोबर बसून लिहिलेला अर्जाचा मसुदाही तिथेच होता. लॅपटॉप फार हळू चालायला लागला म्हणून तिने तो गावातल्या दुकानात दिला. चार दिवसांनी परत आला, छान चालायला लागला. आठवड्याभरात नवऱ्याने तिला अर्जातली वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. दुकानातला एकजण त्याच्या रोजच्या बैठकीतला होता. ती अर्ज देण्याआधीच नवऱ्याचा वकील तयार होता आणि दागिने सासूच्या माहेरी पोहोचले होते.

आम्ही दोघी कार्यकर्त्या दुकानात गेलो. वाटलं होतं, आरडाओरडा होईल. समोर तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा होता. नवऱ्याला सांगणारा तो नव्हता, पण बॅकअप त्यानेच घेतला होता. त्याने आपला लॅपटॉप आमच्यापुढे उघडला. गिऱ्हाइकांच्या नावांचे आणि मोबाइल नंबरांचे फोल्डर ओळीने लावलेले. किती वर्षांचे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “चार वर्षांचे असतील, ताई. पुसत नाही मी. नंतर गिऱ्हाईक येऊन भांडतं, माझी अमुक फाइल गेली म्हणून. मग शेठ माझ्या पगारातून कापतात.” लॅपटॉप त्याचा स्वतःचा, हप्त्यावर घेतलेला. दुकानाने दिलेला नाही. रात्री तो घरी नेतो, तिथे धाकटा भाऊ त्याच्यावर गेम खेळतो. दुकानात इतर दोघं तोच वापरतात. पासवर्ड सगळ्यांना माहीत.

मैत्रिणींनो, त्या मुलाला गुंड ठरवून मी मोकळी होऊ शकत नाही. तो राबणारा आहे, त्याच्यावर कामाचा धाक आहे आणि गिऱ्हाइकाच्या खाजगीपणाबद्दल त्याला कोणी एक शब्द शिकवलेला नाही. पण चार वर्षांतल्या शेकडो घरांची कपाटं त्याच्या पिशवीतून रोज ये-जा करत होती, हेही तितकंच खरं. मालकाने खर्च वाचवला, जोखीम कारागिरावर ढकलली, आणि शेवटी तिची किंमत मोजली एका मार खाणाऱ्या बाईने.

हे आमच्याच गावात घडतं असं समजू नका. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी काही लॅपटॉप बायकांचे आणि काही पुरुषांचे आहेत असे भासतील अशा फाइली भरून तयार केले, आत काय उघडलं जातं याची गुपचूप नोंद होईल अशी व्यवस्था केली आणि ते १६ ठिकाणी दुरुस्तीला दिले. बिघाड आवाजाचा, म्हणजे फोटो किंवा कागद उघडायची काही गरज नव्हती. तरी सहा ठिकाणी खाजगी फाइली उघडल्या गेल्या, आणि त्यातल्या दोन ठिकाणी त्या बाहेरच्या साधनावर उतरवूनही घेतल्या. बायकांच्या मशीनमध्ये डोकावण्याचं प्रमाण जास्त होतं.

हाँगकाँगमध्ये २००८ साली एडिसन चेन या नटाचा दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप असाच उघडला गेला. त्यातले अनेक अभिनेत्रींचे अत्यंत खाजगी फोटो जगभर पसरले. ते काढून घेणाऱ्या कारागिराला २००९ साली साडेआठ महिन्यांची कैद झाली. पण शिक्षा खरी भोगली त्या बायकांनी. त्यांची नावं मी इथे घेणार नाही. एकीला तर पत्रकारांपुढे येऊन माफी मागावी लागली. चोरी तिची झाली होती आणि माफीही तिनेच मागितली!

आपल्याला हे नवीन नाही. १९९४ सालचं जळगावचं प्रकरण आठवा. मुलींचे फोटो काढायचे आणि त्यांच्या जोरावर त्यांना वर्षानुवर्षं छळायचं, असा तो प्रकार होता. किती मुली साक्षीला उभ्या राहू शकल्या? बदनामीची भीती ही गुन्हेगाराची सगळ्यात मोठी ठेव. तेव्हा ती कॅमेऱ्याच्या रिळात होती, आज ती कोणाच्या तरी लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये असते. म्हणून एक विनंती आहे. अशी बाई आपल्याकडे आली तर “असे फोटो ठेवायचेच कशाला?” हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. शिंप्याला माप देते म्हणजे बाई त्याला आणखी कशाची परवानगी देत नाही. तसंच लॅपटॉप दुरुस्तीला देते म्हणजे आत डोकावायची परवानगी देत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे. तो अधिकार दुरुस्तीच्या टेबलापाशी संपत नाही.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात बघू. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती उतरवून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा भंग आहे. ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोणाच्या खाजगी अवयवांची चित्रं संमतीशिवाय पसरवली तर कलम ६६ई लागतं, उघड लैंगिक चित्रं पसरवली तर ६७ए. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ही लक्षात ठेवा. बाईने फोटो काढायला संमती दिली होती, पण तो इतरांना दाखवायला दिली नव्हती, तरी पसरवणारा गुन्हेगार ठरतो. “तिनेच काढू दिला होता” ही पळवाट तिथे चालत नाही.

पुराव्याचीही गोष्ट आहे. मारहाणीचे फोटो, धमकीचे निरोप ज्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये आहेत तो पुसून घेऊ नका, विकू नका. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, की मूळ साधन त्याच्या मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून हजर केलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, पण नुसती प्रत दिली तर प्रमाणपत्र लागतं. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे द्यावं लागतं. म्हणून मूळ वस्तू जपा आणि एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा.

आता आपण काय करायचं? बाईने काय काळजी घ्यावी हे सांगतेच. शक्य असेल तर समोर बसून दुरुस्ती करून घ्यावी. कशासाठी हवा ते विचारल्याशिवाय पासवर्ड देऊ नये. बॅटरी बदलायला तो लागत नाही. दिलाच, तर घरी आल्यावर बदलावा. काही फोनमध्ये दुरुस्तीपुरता खाजगी मजकूर झाकून ठेवणारा ‘मेंटेनन्स मोड’ असतो, तो चालू करून मगच फोन द्यावा. पण सगळी काळजी बाईनेच घ्यायची, हे आपण किती वर्षं ऐकत आलो! अंधारात जाऊ नको, पदर सांभाळ, आता लॅपटॉप सांभाळ. बंद पडलेल्या मशीनमधून ती काय पुसून ठेवणार?

म्हणून मागणी दुकानाकडे करायची. आमच्या केंद्राने गावातल्या दुकानदारांना एक साधा कागद दिला आहे. पावतीवर चार ओळी छापा: बॅकअप घ्यायचा की नाही, हे गिऱ्हाइकाला विचारून लिहा. बॅकअप दुकानाच्या वेगळ्या डिस्कवर घ्या, कारागिराच्या घरी जाणाऱ्या लॅपटॉपवर नको. माल परत देताना गिऱ्हाइकाने फाइली तपासून सही करावी, आणि मग तिच्यासमोर प्रत कायमची पुसावी. मशीन कोणी उघडलं त्याचं नाव पावतीवर असावं. सही असली की कारागिराचा पगारही कापला जात नाही. त्या मुलानेच हे आम्हाला सुचवलं, हे मुद्दाम सांगते. आतापर्यंत तीन दुकानांनी कागद मान्य केला. बाकीच्यांनी चहा पाजून परत पाठवलं. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

१९९७ साली विशाखा निकालाने कामाच्या जागेची जबाबदारी मालकावर टाकली. तोवर तीही ‘बाईने सांभाळून राहण्याची’ गोष्टच मानली जात होती. तसंच इथेही व्हायला हवं. आयटीआयमध्ये हार्डवेअर शिकणाऱ्या मुलामुलींपर्यंत आपण पोहोचायला हवं. या कामात मुली हव्यात, पण टेबलापलीकडे बाई बसली म्हणजे प्रश्न सुटला असंही मानू नका. नियम सगळ्यांना सारखाच हवा.

ती शिकवणीवाली बाई आज वेगळी राहते. दागिन्यांचा दावा चालू आहे. परवा ती स्वतः आमच्याबरोबर एका दुकानात आली आणि पावतीचा कागद तिनेच दुकानदारापुढे ठेवला. तुम्ही आपापल्या गावी परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात एका तरी दुकानात जा. एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. पुढच्या शिबिरात आपण सगळ्यांची उत्तरं एकत्र वाचू आणि जिल्ह्याच्या व्यापारी संघटनेपुढे एकत्रच जाऊ.

जिंदाबाद!