साप माणसाळतो काय?

श्रावण महिना लागला म्हणजे परळी वैजनाथास यात्रेकरूंची रीघ लागते. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळाच्या पायऱ्या चढून भाविक ज्या देवाच्या दर्शनास जातो, त्या देवाच्या गळ्यांतच नागाचें भूषण आहे. नागपंचमीस त्याच मुलखांतला शेतकरी नांगर धरीत नाहीं, आणि घरांतली गृहिणी चिरीत नाहीं कीं तळीत नाहीं. न जाणो, भूमींतल्या एखाद्या सापास इजा व्हावयाची! परंतु दुसरे दिवशीं गोठ्याच्या वळचणीस एखादी बिनविषारी धामण निघाली, तर तोच गृहस्थ काठी शोधूं लागतो. पूजा आणि काठी अशीं दोन्हीं एकाच घरांत सुखानें नांदतात. या दोहोंवांचून सापाशीं माणसाचें तिसरें कांहीं नातें असूं शकतें काय, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न आतां मुलें विचारूं लागलीं आहेत. परदेशांत लोक कुत्र्यामांजराप्रमाणें साप पाळतात, तो त्यांच्या मनगटास विळखा घालून निवांत बसतो, अशीं चित्रें हल्लीं घरोघर पाहावयास मिळतात. समजा, परळींतल्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलानें तीं पाहिलीं आणि पावसाळ्यांत सांपडलेलें सापाचें पिलूं बरणींत घालून घरीं आणलें. 'याला माझी सवय कशी लावूं?' असें तो विचारतो. आई किंचाळते, आजी हात जोडते, वडील काठी घेतात. मुलाच्या प्रश्नास उत्तर मात्र कोणीच देत नाहीं. तें देणें अगत्याचें आहे; कारण उत्तर न मिळालेलें मूल स्वतः प्रयोग करून पाहतें.

प्रथम सापाकडून विचार करूं या. सापाच्या डोळ्यांस पापण्या नसतात. त्यांवर एक पारदर्शक खवला असतो. त्यास बाहेरचा कान नाहीं. जमिनीचें कंपन जबड्याच्या हाडांवाटे आंतल्या कानास पोंचतें आणि हवेंतले खर्जाचे आवाजही त्यास थोडेफार जाणवतात. तथापि पुंगीच्या सुरावर तो डोलतो ही समजूत खरी नव्हे. पुंगी जिकडे हालते तिकडे तो फणा वळवितो, एवढेंच. दूध हें त्याचें अन्न नव्हे. गारुड्यानें अनेक दिवस तहानेला ठेवलेला नाग समोर येईल तें पातळ पितो, इतकेंच. त्याची दुभंगलेली जीभ वासाचे कण टिपून टाळूंतील एका इंद्रियापाशीं नेते. अंगची ऊब तो आपली आपण राखूं शकत नाहीं. उन्हांतून सावलींत आणि सावलींतून उन्हांत जाऊन तो ती सांभाळतो. अशा प्राण्यास माणसाचा हात कसा दिसत असेल? वरून अकस्मात् येणारा, मोठा आणि उष्ण. घारही वरूनच येते, आणि मुंगुसाचें अंगही उष्णच असतें.

आतां जेथें साप पाळण्याची कायद्यानें मुभा आहे, तेथले जाणते लोक काय करितात तें पाहूं. अमेरिकेंतील कॉर्न स्नेक आणि आफ्रिकेंतील बॉल पायथन हे बिनविषारी साप तेथें पिढ्यान् पिढ्या बंदिवासांतच वाढविले जातात. असा नवा साप घरीं आला म्हणजे शहाणा पाळणारा त्यास हात लावीत नाहीं. घट्ट झांकणाची पेटी, तिच्या एका टोकास तीस अंशांच्या आसपास ऊब, दुसरें टोक त्याहून थंड, दोन्हींकडे दडावयास जागा आणि पाण्याचें भांडें, एवढी सिद्धता करून तो आठवडाभर दूर राहतो. सापानें एकदोन वेळां अन्न घेतलें, म्हणजे नव्या जागेची भीति कांहींशी गेली असें समजावयाचें. मगच हात. तोही स्वच्छ धुतलेला. उंदराचा वास असलेला हात सापास घांसच वाटतो. हात वरून न नेतां बाजूनें नेतात, डोकें न धरितां मध्यभागीं व शेपटीकडे आधार देतात, आणि पांचसात मिनिटांत त्यास परत ठेवितात. जेवणानंतर दोन दिवस त्यास उचलीत नाहींत. कात टाकण्यापूर्वीं डोळे निळसर धुरकट होतात. तेव्हां त्यास नीट दिसत नाहीं, म्हणून त्या दिवसांतही तो एकटाच बरा. हाताळून झाल्यावर पुन्हां हात धुतात, कारण सापाच्या अंगावर आंत्रविकाराचे जंतु असूं शकतात.

अशा रीतीनें कित्येक आठवडे गेले म्हणजे साप अंग चोरीत नाहीं, मानेचा बांक करून चावावयास धजत नाहीं, जीभ सावकाश आंतबाहेर करीत हातावरून सरपटतो. याला माणसाळणें म्हणावें काय? कुत्रा धन्याची वाट पाहतो. साप कोणाची वाट पाहत नाहीं. हा हात आपणांस खात नाहीं, इतकेंच तो शिकतो. सवय होते, परंतु ओढ लागत नाहीं, असें पुष्कळसे अनुभवी पाळणारे सांगतात. महिनोन् महिने संयम केल्याचें फळ तें एवढेंच, आणि तेंही बंदिवासांत जन्मलेल्या सापाचें.

बरणींतलें पिलूं तसें नाहीं. तें रानांत जन्मलें आहे आणि याच भूमीचें आहे. वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ सालीं झाला. त्यान्वयें आपल्या देशांतील साप पकडून घरीं ठेवणें हा गुन्हा ठरतो. २०२२ सालच्या दुरुस्तीनें कित्येक विदेशी जातींचीही नोंदणी आवश्यक केली आहे. परंतु कायदा बाजूस ठेविला तरी दुसरें भय उरतेंच. घोणस पिलांस जन्म देते आणि तीं पावसाळ्याच्या सुमारास दिसूं लागतात. तीं जन्मतःच विषारी असतात. दुरक्या घोणस नांवाचा बिनविषारी साप तिच्यासारखाच जाड व ठिपक्यांचा दिसतो. कवड्या आणि मण्यार यांच्या अंगावरच्या पट्ट्यांनीं मोठीं माणसेंही फसतात. चौदा वर्षांच्या मुलानें ओळखींत केलेली चूक सुधारण्यास वेळ मिळत नाहीं.

उलट, ज्याच्या स्वभावांतच शांतपणा आहे त्या मांडुळाचें काय झालें? त्याची बोथट शेपटी डोक्यासारखी दिसते. म्हणून त्यास दुतोंड्या म्हणावयाचें, तो धन दाखवितो म्हणावयाचें आणि चोरून विकावयाचें! तो हातांत घेतला तरी सहसा चावत नाहीं, आणि म्हणूनच पकडणाऱ्याचें आयतें फावतें.

महाराष्ट्रांत सापास हाताळण्याची जुनी परंपरा पाहावयाची तर सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याकडे पाहावें लागतें. तेथील लोक नागपंचमीच्या आधीं कांहीं दिवस शेतांतून जिवंत नाग पकडीत, मडक्यांत जपून ठेवीत, सणाच्या दिवशीं त्यांची पूजा व मिरवणूक करीत आणि नंतर त्यांस सोडून देत. त्या हातांचें कसब मोठें होतें यांत शंका नाहीं. परंतु मडक्यांत दिवस काढलेला आणि वाद्यांच्या गजरांत मिरविलेला नाग स्वस्थ बसला, तर ती त्याची खुषी कीं थकवा? हा वाद उच्च न्यायालयांत गेला आणि २००२ सालापासून त्या प्रथेवर निर्बंध आले. श्रद्धा दुखावली, ही गोष्ट खरी. पण नागाचें म्हणणें मांडावयास दुसरें कोण होतें?

याहून निराळा दाखला पुण्याचा आहे. १९८० सालच्या जानेवारींत नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांसह ७२ तास कांचेच्या खोलींत राहिले. नाग, घोणस, मण्यार त्यांच्या अंगावरून गेले, आणि ते सुखरूप बाहेर आले. ते साप पाळीव नव्हते. त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. डिवचल्यावांचून साप चावत नाहीं, हेंच त्यांस लोकांस दाखवावयाचें होतें. पुढें १९८६ सालीं त्यांच्या पुढाकारानें कात्रजचें सर्पोद्यान उभें राहिलें. त्या ७२ तासांत माणसाळला तो माणूस; हालचाल आवरावयाची, भय आवरावयाचें, हें शिक्षण माणसाचें झालें.

या शिक्षणाची गरज बीड जिल्ह्याइतकी क्वचितच कोठें असेल. उन्हाळ्यांत भेगाळणारी काळी जमीन, कडब्याच्या गंजी, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाऊन पाचटाच्या कोपींत भुईवर निजणारीं कुटुंबें! २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें दरवर्षीं सरासरी ५८,००० माणसें दगावलीं, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचें अनुमान आहे. त्यांपैकीं बहुतेक खेड्यांतलीं. मण्यार रात्रीं निजलेल्या माणसास चावते आणि पुष्कळदां त्याची खूणही दिसत नाहीं. म्हणून खाटेवर निजावें, मच्छरदाणी चोहोंकडून खोंचावी, अंधारांत दिवा व पादत्राण घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये, जळण काढतांना आधीं काठीनें हालवावें. दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. चावलेला अवयव न हालवितां रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें. परळीच्या लोकांस अंबाजोगाईचें वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतें.

आतां त्या मुलाकडे वळूं. त्यास रागें भरूं नये. बरणी उघडूं नये आणि पिलूं मारूंही नये. झांकणास बारीक छिद्रें असावीत, बरणी सावलींत ठेवावी, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. खात्याचा माणूस अगर जाणता सर्पमित्र येईल तेव्हां मुलास जवळ उभें राहूं द्यावें. तें कोणत्या जातीचें आहे, काय खातें, कोठें राहतें, हें त्याला विचारूं द्यावें. आणि शक्य असेल तर तें सोडतांना त्यास दुरून पाहूं द्यावें. गवतांत शिरतांना तें पिलूं मागें वळून पाहणार नाहीं. मुलास त्याचें थोडें वाईट वाटेल. परंतु पुढच्या खेपेस गोठ्यांत धामण निघाली, तर वडिलांच्या हातची काठी धरणारा एक जण त्या घरांत असेल.