पाच पावलांची शाळा

अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो. एनएफएल या व्यावसायिक लीगनं १९९४ मध्ये त्याला परवानगी दिली. मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षक त्यातून पुढची चाल सांगतो. पण चेंडू खेळात आणण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की हा आवाज नियमानंच बंद होतो. पुढचं सगळं त्या एकट्यानं पाहायचं, ठरवायचं आणि दहा जणांकडून करवून घ्यायचं. म्हणजे प्रशिक्षकाला जे काही शिकवायचंय ते त्याआधीच, सरावाच्या मैदानावर, त्याच्या अंगात मुरलेलं असायला हवं. ते मुरवतात कसं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

आधी खेळाची तोंडओळख. १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढं सरकायचं. साधलं तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू पुढं फेकण्याची मुभा १९०६ साली मिळाली आणि हळूहळू सगळा खेळ फेकणाऱ्याभोवती फिरू लागला. हा फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्या हातात चेंडू आल्यापासून सुटेपर्यंत जेमतेम अडीच सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोचे चार गडी त्याला लोळवायला धावत येत असतात.

अशा माणसाबद्दल दंतकथा तयार होणारच. त्याचा हात तोफेसारखा हवा, उंची सहा फुटांच्या वर हवी आणि नेतृत्व तर जन्मजातच हवं, अशी समजूत अनेक वर्षं होती. या समजुतीला तडा देणाऱ्यांत बिल वॉल्श या प्रशिक्षकाचं नाव ठळक आहे. हात दणकट असला तर उत्तमच, पण क्वार्टरबॅक घडतो तो पायांतून, आणि नेतृत्वसुद्धा बरंचसं शिकवता येतं, हे त्यानं भाषणं देऊन नाही, माणसं घडवून दाखवलं.

सुरुवात अडचणीतून झाली. १९६८ पासून वॉल्श सिनसिनाटी बेंगल्स या नव्याकोऱ्या संघात मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या हाताखाली होता. १९६९ मध्ये त्यांना ग्रेग कुक नावाचा हिरा मिळाला. लांब, देखणे पास टाकणारा हा तरुण पहिल्याच हंगामात खांदा दुखावून बसला आणि त्याची कारकीर्द तिथंच जवळपास संपली. १९७० मध्ये जागा आली व्हर्जिल कार्टरकडे. कार्टरचा हात साधाच होता, डोकं मात्र तल्लख. फुटबॉलमध्ये मैदानावरच्या कुठल्या जागेची किंमत किती गुण, यावर रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत त्यानं लिहिलेला गणिती शोधनिबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज या खेळात जे आकडेशास्त्र बोकाळलंय, त्याच्या पूर्वजांत त्या निबंधाची गणना होते.

या कार्टरला कुक बनवायचा खटाटोप वॉल्शनं केला नाही. त्यानं खेळच बदलला. मैदान लांबीला वापरता येत नसेल तर रुंदीला वापरू, असं त्याचं म्हणणं. पाच-सहा यार्डांचे आखूड, आडवे, अचूक पास द्यायचे आणि पुढचे यार्ड झेलणाऱ्यानं धावून काढायचे. त्या हंगामात पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेला संघ पुढचे सातही जिंकून गटात पहिला आला. पुढच्या वर्षी झेललेल्या पासांच्या टक्केवारीत कार्टर साऱ्या लीगमध्ये अव्वल होता. याच पद्धतीला पुढं ‘वेस्ट कोस्ट’ म्हणू लागले, जन्म ओहायोतल्या सिनसिनाटीत झाला असला तरी.

आता प्रत्यक्ष शिकवणीकडे वळू. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाच पावलांची माघार घ्या. चेंडू हातात आला की उजवा पाय मागं, लांब टाकायचा. दुसरं पाऊल डाव्याचं, उजव्याला ओलांडून. तिसरं पुन्हा लांब. चौथं आणि पाचवं मात्र आखूड, कारण मागं जायचा वेग आता मोडायचाय. पाचव्याला उजवा पाय रोवला जातो आणि भार येतो तळव्याच्या आतल्या बाजूवर. तो टाचेवर गेला तर चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून जाणार, हे ठरलेलं. या सगळ्या वेळात चेंडू दोन्ही हातांत, छातीशी. मग डावा पाय लक्ष्याच्या दिशेनं थोडासा पुढं, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा आणि सगळ्यात शेवटी हात. पाहणाऱ्याला फक्त हात दिसतो.

वॉल्शची खरी करामत पुढं आहे. त्यानं प्रत्येक माघारीची पावलं झेलणाऱ्याच्या पावलांशी बांधली. क्वार्टरबॅकचा पाय रोवला जातो त्याच क्षणी पहिला गडी वळलेला असतो. गायक आणि तबलजी समेवर भेटावेत, तशी ही भेट. पहिला गडी मोकळा नसेल तर एक बारीकसं पाऊल टाकून नजर दुसऱ्यावर, आणखी एक टाकून तिसऱ्यावर. कुणाकडे कधी पाहायचं हे त्याला पाय सांगतात, त्यामुळे गोंधळात डोकं लढवावं लागत नाही. चेंडू कुठं पडावा यावरही वॉल्श असाच हटून बसे. पळणाऱ्या गड्याच्या छातीच्या थोडा पुढं आला तर तो न थांबता धावतो, वीतभर मागं पडला तर त्याला वळावं लागतं आणि झेल घेऊनही तो तिथंच आडवा होतो. म्हणून सरावात झेल झाला एवढ्यावर वॉल्श खूश होत नसे. चेंडू कुठल्या खांद्यावर आला, हे तो विचारी.

नेतृत्वाचा धागा इथंच सुरू होतो. क्वार्टरबॅक वेळेवर आणि ठरल्या जागी चेंडू देतो, असा भरवसा बसला की झेलणारा मागं वळून न पाहता जीव खाऊन पळतो. क्वार्टरबॅक सातव्या नाही, पाचव्याच पावलावर थांबणार हे ठाऊक असलं की त्याचं संरक्षण करणारे पाच आडदांड गडी नेमकी कुठली जागा राखायची हे जाणतात. आपल्या शब्दावर माणसं धावावीत, यासाठी आधी पावलं भरवशाची व्हावी लागतात.

१९७९ मध्ये वॉल्श सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. आदल्या हंगामात हा संघ सोळापैकी चौदा सामने हरला होता. लॉस एंजेलिसमधल्या एका चाचणीत वॉल्शनं नोत्र दाम विद्यापीठाच्या जो मोंटानाला पाहिलं. हात बेताचा, अंगकाठी किरकोळ, असं पारख्यांचं मत. तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेल्या वॉल्शची नजर मात्र त्याच्या पायांवर खिळली. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, ८१ खेळाडू निवडले गेल्यावर तिसऱ्या फेरीत मोंटानाचं नाव पुकारलं गेलं.

घेतलं आणि लगेच झुंजायला ढकललं, असं झालं नाही. पहिल्या वर्षी मोंटानाला सुरुवातीपासून खेळायला मिळाला तो एकच सामना. तोवर स्टीव्ह डीबर्ग खेळत होता आणि संघ पुन्हा चौदा सामने हरत होता. जिथं यश मिळण्याची शक्यता जास्त, अशाच प्रसंगी वॉल्श मोंटानाला आत पाठवी. डिसेंबर १९८० मध्ये न्यू ऑर्लीन्सविरुद्ध मध्यंतराला ७-३५ अशी धूळधाण उडालेली असताना मोंटानानं जादा वेळेत ३८-३५ असा सामना काढून दिला. आत्मविश्वास हासुद्धा टप्प्याटप्प्यानं वाढवायचा सराव आहे, ही वॉल्शची धारणा अशी फळाला येत होती.

१० जानेवारी १९८२. कॅन्डलस्टिक पार्क, समोर डॅलस काउबॉइज, २१-२७ अशी पिछाडी, ५८ सेकंद बाकी, गोलरेषा सहा यार्डांवर. वॉल्शनं मोंटानाला सांगितलं की हवं ते दिसलं नाही तर चेंडू बाहेर फेकून दे, अजून एक प्रयत्न हातात आहे. चालीतला पहिला गडी फ्रेडी सॉलोमन पाय घसरून पडला. तिघे अंगावर येत असताना मोंटाना उजव्या कडेकडे सरकत राहिला आणि मागं झुकत, तोल जाता जाता त्यानं चेंडू उंच फेकला. झेलणाऱ्या ड्वाइट क्लार्कनं उडी मारून तो बोटांच्या टोकांनी धरला. २८-२७. अमेरिकेत ‘द कॅच’ एवढंच म्हटलं तरी पुरतं.

पुस्तकी दृष्टीनं तो पास चुकीचा होता. पाय रोवलेला नव्हता, भार मागं होता. पण क्लार्क शेवटच्या रेषेपाशी कुठं असेल आणि चेंडू किती उंच असला म्हणजे तो क्लार्कलाच मिळेल, नाहीतर कुणालाच नाही, हे सरावात घोटलेलं होतं. दोन आठवड्यांनी सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यात समोर बेंगल्स होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक केन अँडरसन. ऑगस्टाना या छोट्या कॉलेजातून आलेल्या अँडरसनला वॉल्शनंच सिनसिनाटीत पावलं गिरवायला लावली होती. अँडरसननं त्या दिवशी ३४ पैकी २५ पास पोचवले, मोंटानानं २६-२१ असा सामना जिंकला.

शांतपणाबद्दल मोंटानाची आणखी एक कथा सांगतात. जानेवारी १९८९, मायामी, पुन्हा बेंगल्स. १३-१६ अशी पिछाडी, ३ मिनिटं १० सेकंद बाकी आणि चेंडू आपल्याच आठ यार्डांवर. सगळे श्वास रोखून उभे असताना मोंटाना सहकारी हॅरिस बार्टनला म्हणाला, तो बघ, प्रेक्षकांत विनोदी नट जॉन कँडी दिसतोय. कथा खरी आहे, पण अर्धी. त्याच चढाईत कोलाहलावर ओरडून ओरडून मोंटानाला श्वास लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली. तेव्हा त्यानं कुठलाही पराक्रम न करता चेंडू सरळ मैदानाबाहेर फेकला आणि दम घेतला. अकरा चालींत ९२ यार्ड कापून ३४ सेकंद असताना जॉन टेलरच्या हातात विजयी पास गेला. विनोदाइतकंच तो बाहेर फेकलेला चेंडू हेही नेतृत्व होतं, आणि ते शिकवलेलं होतं.

नेतृत्व जन्मजात मानलं की दुसरा धोका संभवतो. ते कुणाकडे आहे हे मग पाहणाऱ्याचे पूर्वग्रह ठरवतात. ‘द कॅच’च्या वेळी घसरून पडलेला सॉलोमन टॅम्पा विद्यापीठात क्वार्टरबॅकच होता, व्यावसायिक खेळात येताच त्याला झेलणारा बनवलं गेलं. मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टोनी डंजी ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नाही, पिट्सबर्गच्या संघानं त्याला बचावफळीत खेळवलं. वॉरेन मूनलाही १९७८ मध्ये कुणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि तिथल्या अजिंक्यपदाचे पाच ग्रे कप जिंकून परतला. हे सगळे कृष्णवर्णीय. ते पळतात छान, पण डोकं शांत ठेवून दहा जणांना चालवणं त्यांचं काम नाही, असा समज मुरलेला होता.

ग्रॅम्बलिंग विद्यापीठात प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेला डग विल्यम्स या समजाला पुरून उरला. ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये त्याचा वॉशिंग्टन संघ ०-१० असा मागं होता, त्यात त्याचा गुडघा दुखावला. दुसऱ्या सत्रात परतून त्यानं चार टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे झेलले जाऊन गुण देणारे पास, टाकले, त्या एका सत्रात संघानं ३५ गुण केले आणि सामना ४२-१० असा संपला. वॉल्शनं १९८७ मध्ये कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना आपल्या सराव शिबिरात शिकायला बोलावणं सुरू केलं होतं. लीगनं ती योजना पुढं स्वीकारली, आज ती त्याच्याच नावानं चालते. आणि १९७९ चा हंगाम वॉल्शच्या संघातून खेळलेला डंजी २००७ मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरला.

वॉल्शच्या पद्धतीला मर्यादा होत्याच. १९८७ मध्ये त्यानं स्टीव्ह यंगला आणलं. डावखुरा, वाऱ्यासारखा पळणारा यंग धोका दिसला की चेंडू घेऊन पळे. त्याला जागेवर उभं राहायला शिकवण्यात काही वर्षं गेली. शिवाय मोंटाना असताना यंगला आणल्यामुळे संघात ताण आला तो वेगळाच. स्पर्धेमुळे दोघेही धारदार राहतील हा वॉल्शचा हिशेब फुटबॉलच्या दृष्टीनं बरोबर ठरला, पण मोंटानाच्या मनाला तो लागला.

वॉल्श २००७ मध्ये वारला. त्याचा सहायक माइक होमग्रेन, होमग्रेनचा सहायक अँडी रीड, अशी ही परंपरा कॅन्सस सिटीपर्यंत पोचली. रीडकडे २०१७ मध्ये पॅट्रिक महोम्स आला. वडील बेसबॉलमधले गोलंदाज, त्यामुळे मुलगा कडेनं, मान दुसरीकडे वळवून, हवेत उडी घेत, कसाही चेंडू फेकतो. रीडनं हात बदलायचा आग्रह धरला नाही. त्यानं महोम्सला वर्षभर अलेक्स स्मिथच्या मागं बसवलं आणि सुरुवातीपासून खेळू दिला तो फक्त शेवटचा सामना. पुढच्या हंगामात महोम्सनं ५० टचडाउन पास टाकले. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये त्याच्यासमोर फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स होता, टेक्सासमधल्या एका शालेय प्रशिक्षकाचा मुलगा. दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ही या सामन्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ. सामना ३८-३५ असा कॅन्सस सिटीनं जिंकला. शेवटच्या सत्रात महोम्सच्या दोन टचडाउन पासांच्या वेळी झेलणारे इतके मोकळे होते की त्याला कसलीच कसरत करावी लागली नाही. घोट्याच्या दुखापतीनं लंगडत असतानाही त्यानं चेंडू वेळेवर सोडला, बस्स.