सवयीचाही हप्ता भरू या
(कशेळी येथील महिला बचत गटांच्या एकत्रित सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज वजनावर बोलायचं आहे. पण आधी मला तुमची माफी मागायची आहे. पावसाळ्याआधीच्या सभेत मी वजनकाटा घेऊन आले होते. एकेकीला उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. बऱ्याचजणी हसल्या. एक ताई हसल्या नाहीत. पुढच्या तीन बैठकांना त्या आल्याच नाहीत, बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवत राहिल्या. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, कुणाचं कर्ज किती थकलंय ते तुम्ही वहीत लिहिता, गावात ओरडत नाही. माझं वजन मात्र सगळ्यांना सांगितलंत."

त्यांचं बरोबर होतं. मी चुकले.

मग त्यांनी आपला दिवस सांगितला. सकाळी साडेआठला गोडाऊनवर. एक वाजता डबा. चार वाजता चहा आणि वडापाव. घरी यायला आठ. स्वयंपाक, सगळ्यांची जेवणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं पोटात, आणि स्वतःचं ताट साडेदहाला. लगेच झोप. "यातलं माझ्या हातात काय आहे, तेवढंच सांगा," असं त्या म्हणाल्या. आजचं माझं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्या सासूबाईंच्या काळात कशेळी-काल्हेरची बाई भाताची लावणी करायची, भारे वाहायची, पाणी आणायची. दोन वेळा भात आणि तांदळाची भाकरी खाऊनही ते अंगात जिरायचं. आता शेतावर गोडाऊनं उभी राहिली. शेत गेलं, ताटातला भात तेवढाच राहिला. आठ तास पॅकिंगच्या टेबलापाशी उभं राहून पाय दुखतात, पण लावणीइतकी मेहनत त्यात होत नाही. म्हणून वजन वाढलं की ती बाई आळशी, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत चारपैकी जवळपास एका बाईचं वजन जास्त निघालं होतं. हा एकट्या-दुकट्या बाईचा दोष नव्हे.

पण काळजी का करायची? कारण वाढलेल्या पोटामागून शुगर येते, बीपी येतं, गुडघे जातात. आपल्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये 'कारण' हा रकाना उघडा. 'आजारपण' हा शब्द किती वेळा येतो ते स्वतःच मोजा. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र उगाच नाही घातलेलं.

आता सवयीकडे येऊ. प्रत्येक सवयीला एक खूण असते. चार वाजले की चहा. टीव्ही लागला की फरसाणाची वाटी. मन उदास झालं की काहीतरी गोड. खूण काही पुसता येत नाही, चार तर रोज वाजणारच. पण त्या खुणेनंतर आपण काय करतो, ते बदलता येतं. चार वाजता त्या ताईंना खरी गरज होती ती दहा मिनिटं बसण्याची आणि पोटाला आधाराची. आता त्या घरून मूठभर भाजलेले चणे नेतात. बसणं तेच, मैत्रिणी त्याच, वडापाव आठवड्यातून एकदा.

दुसरी गोष्ट चहाची. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर धरा. दिवसाला पाच कप झाले तर 50 ग्रॅम. महिन्याला दीड किलो. वर्षाला 18 किलो, एका बाईच्या पोटात! जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाची वरची साखर 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. चहा सोडा असं मी म्हणत नाही, तुम्ही ऐकणारही नाही. दर आठ दिवसांनी अर्धा चमचा कमी करा आणि पाचाचे तीन कप करा. जिभेला कळायच्या आत सवय होते.

तिसरं, तेल. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. कॅन आणला की त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात पाच लिटर महिन्यात संपलं तर हिशेब तिथेच चुकतोय. पळीने ओतायचं सोडून चमच्याने घाला.

चौथं, उरलेलं अन्न. टाकवत नाही म्हणून आपण खातो. ताईंनो, आपलं पोट म्हणजे उरलेलं भरायचा डबा नाही. मुलांना आधी कमी वाढा, लागलं तर पुन्हा द्या. आणि शक्य असेल तिथे मुलांसोबतच आपलंही ताट घ्या. त्या ताई आता साडेनऊला सगळ्यांबरोबर जेवतात. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या, मग त्याही सोबत बसायला लागल्या.

उपवासाचंही बोलते, रागावू नका. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, वर गोड चहा, याला आपल्याकडेच 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात. आणि हळदीचे दिवस आले की रोज कुणाकडे तरी जेवण. जायचंच, नाती त्यानंच टिकतात. पण ताट एकदाच भरा, दुसऱ्या दिवशी घरी साधं जेवा.

चालण्याचं म्हणाल तर आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मुख्य रस्त्यावर कंटेनर धावतात, तिथे चालू नका. आतली गल्ली, शाळेचं पटांगण, इमारतीची गच्ची चालेल. दोघी-तिघी मिळून निघा.

किती दिवसांत सवय लागते? 21 दिवस असं सगळे सांगतात. लंडनमधल्या एका विद्यापीठाने 2009 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला त्याहून खूप जास्त. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. एक हप्ता चुकला म्हणून आपण गट मोडतो का? पुढचा भरतो. तसंच हे.

काही इशारे मात्र ऐका. वजन उतरवायच्या पावडरी विकायला कुणी आलं तर घेऊ नका. एकदम जेवण बंद करू नका. शुगरची गोळी चालू असलेल्या बाईने दोन वेळाच जेवायचा किंवा लांबचा उपवास करायचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वजन उतरवण्यासाठी खाणं कमी करायचंच नाही. आणि खाणं तेवढंच असून वजन वाढत असेल, थकवा असेल, पाळी बिघडली असेल, तर थायरॉइड तपासा. तिथे नुसती सवय बदलून भागत नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीसाठी आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात कमरेचं माप असतं. बाईचं 80 सेंटीमीटरच्या आत असावं. शिवणाची टेप घरात असतेच, घरी दार लावून मोजा. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

आता आजचं काम. प्रत्येकीने एकच सवय निवडायची आणि आपल्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहायची. कुणाला दाखवायची नाही. दर बैठकीला बचत भरताना तिथे एक टिकली मारायची. आणि गटानेही एक सवय बदलू या. सभेतला चहा अर्ध्या साखरेचा, फरसाणाऐवजी उकडलेले चणे किंवा काकडी. ठराव मांडते, हात वर करा.

त्या ताई आज सभेत बसल्या आहेत. त्यांचं वजन किती उतरलं, ते मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय मी त्यांना.