खिळ्यांची बंदूक आणि सुताराचा हात

(नभोवाणीवरील भाषण)

सुताराच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या जी हत्यारे नांदत आली, त्यांत हातोडीइतके सरळ हत्यार दुसरे नाही. उगारल्याखेरीज ती लागत नाही, आणि लागलीच तर चूक कोणाची झाली हे तत्काळ कळते. शिकाऊ मुलाचा अंगठा एकदोनदा ठेचला जातो, नख काळेनिळे पडते, आठ दिवस ठणका राहतो. आणि त्या ठणक्यातूनच हात शहाणा होतो. बहुतेक कसबी सुतारांचे शिक्षण याच मार्गाने झालेले आहे.

हवेच्या दाबाने खिळे मारणारी बंदूक मात्र या परंपरेतली नव्हे. तिला उगारावे लागत नाही, नेम धरावा लागत नाही, बळही लावावे लागत नाही. बोटाने चाप दाबला आणि तोंड लाकडाला टेकले, की डोळ्याची पापणी लवण्यापूर्वी खिळा आत गेलेला असतो. लाकडाच्या जागी तळहात असला तरी तो तितक्याच सहजतेने आत जातो. हातोडीची चूक नखावर भागते. बंदुकीची चूक हाडापर्यंत जाते. म्हणून जे शहाणपण हातोडीच्या बाबतीत अनुभवाने मिळाले तरी चालत असे, ते येथे अनुभवाच्या आधीच मिळालेले असले पाहिजे.

गेल्या शतकाच्या मध्यानंतर हे यंत्र अमेरिकेत प्रचारात आले. तेथील घरे मोठ्या प्रमाणावर लाकडी चौकटींची असतात. एकेका घराला हजारो खिळे लागतात. तेव्हा वेळ वाचविणाऱ्या अशा साधनाचे तेथे स्वागत व्हावे हे साहजिकच होते. आपल्याकडे ते आले ते प्लायवूडच्या वाटेने. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव यांसारख्या शहरांतून जेथे कपाटे, पलंग, सोफ्यांचे सांगाडे आणि दुकानांची सजावट तयार होते, तेथे कोपऱ्यात ठेवलेल्या कॉम्प्रेसरची घरघर आणि बंदुकीचा ‘फट्‌ फट्‌’ असा आवाज आता नवलाईचा राहिलेला नाही. मालकाच्या दृष्टीने ते कामाच्या वेगाचे चिन्ह आहे. परंतु त्या आवाजामागे नेमके काय घडते, हे चाप ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतेच असे नाही.

यंत्राची रचना तशी फार अवघड नाही. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवितो. ती हवा रबरी नळीतून बंदुकीच्या पोटात येऊन थांबते. सर्वसाधारणपणे तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाच ते आठ किलो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाच ते आठ पट असतो. चाप दाबताच झडप उघडते, कोंडलेली हवा दट्ट्यावर आदळते, आणि दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी खिळ्याला एकाच तडाख्यात लाकडात ठोकते. नंतर हवा बाहेर पडते, दट्ट्या माघारी जातो, आणि खिळ्यांच्या पट्टीतून पुढचा खिळा स्प्रिंगच्या रेट्याने जागेवर येऊन बसतो. याचा अर्थ असा की, नळी जोडलेली असेपर्यंत बंदूक भरलेलीच असते. ती बाकावर निवांत पडलेली दिसली तरी तिची विश्रांती केवळ बाह्य असते.

मोठ्या बंदुकीच्या तोंडाशी एक सरकती पट्टी असते. तिला सुरक्षापट्टी म्हणता येईल. ती लाकडावर दाबली गेल्याशिवाय खिळा सुटू नये, अशी योजना असते. परंतु ही पट्टी आणि चाप यांचा परस्परसंबंध सर्व बंदुकांत सारखा नसतो, आणि अपघाताचे मूळ पुष्कळदा याच भेदात आढळते. एका प्रकारात आधी पट्टी लाकडावर टेकवावी लागते, मग चाप ओढावा लागतो, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा त्याच क्रमाने सुरुवात करावी लागते. याला क्रमबद्ध चाप म्हणावे. दुसऱ्या प्रकारात चाप एकदा दाबून धरला, की तोंड जेथे जेथे टेकेल तेथे तेथे खिळा सुटत जातो. याला स्पर्शचाप म्हणावे. स्पर्शचापाला टेकलेली वस्तू सागाची फळी आहे की शेजाऱ्याची मांडी आहे, हे समजत नाही.

या भेदाचे मोल किती, हे अमेरिकेतील पाहणीवरून ध्यानात येते. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे २००१ ते २००५ या काळात खिळ्यांच्या बंदुकीने जखमी होऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे ३७,००० होती. त्यांतील दहांपैकी सहा जण कामगार होते. उरलेले घरच्या घरी दुरुस्ती करणारे हौशी लोक. शिकाऊ सुतारांच्या एका पाहणीत असे दिसून आले की, चार वर्षांच्या उमेदवारीत दर पाचांपैकी दोघांना या बंदुकीने इजा झाली, पाचांपैकी एकाला दोनदा झाली, आणि दहांपैकी एकाला तीन वा अधिक वेळा. निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या आणि बोटांच्या होत्या. क्रमबद्ध चापाच्या मानाने स्पर्शचापाच्या बंदुकीत इजेचा धोका दुप्पट असतो, असाही निष्कर्ष या अभ्यासांतून निघाला.

यावर कारखानदाराचे उत्तर ठरलेले असते : “स्पर्शचापाने काम लवकर होते.” हे उत्तरही तपासून पाहिले गेले आहे. दहा अनुभवी सुतारांकडून आठ फूट बाय दहा फुटांच्या लाकडी खोपट्या प्रत्येकी दोन बांधवून घेण्यात आल्या. एक स्पर्शचापाने, एक क्रमबद्ध चापाने. खिळे मारण्याच्या वेळात स्पर्शचापाने सुमारे दहा टक्के बचत झाली खरी. परंतु मापे घेणे, आखणी, कापणी हे सर्व जमेस धरता ती बचत एकूण वेळाच्या एक टक्क्याहूनही कमी भरली. कोणत्या चापाने काम केले यापेक्षा काम कोणी केले, यानेच वेळात अधिक फरक पडला. तेव्हा शंभर तासांच्या कामात तासाभराचीही बचत होत नाही. आणि तिच्यासाठी पणाला लागतो तो उमेदवाराचा हात. हा सौदा कोणत्याही हिशेबाने फायद्याचा ठरत नाही.

म्हणून बंदूक विकत घेतानाच ती क्रमबद्ध चापाची आहे ना, याची खात्री करून घेणे हे पहिले पाऊल होय. चापाच्या रंगावरून वा दुकानदाराच्या शब्दावरून प्रकार ठरवू नये. यंत्रासोबतचे माहितीपत्रक वाचावे. येथे एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. बारीक पिना आणि स्टेपल मारणाऱ्या कित्येक लहान बंदुकांना सुरक्षापट्टी मुळीच नसते. चाप दाबला की पीन सुटली, इतकाच तिचा नियम असतो. खिळा लहान म्हणून धोका लहान, ही समजूत खोटी आहे. डोळ्याला पीनही पुरेशी होते.

अपघात होतात कसे, याचे प्रकार मोजकेच आहेत. पहिला प्रकार दुहेरी खिळ्याचा. खिळा सुटताच बंदूक धक्क्याने मागे उसळते. नवखा कारागीर ती जोराने पुढे रेटतो. चाप दाबलेलाच असतो. तोंड पुन्हा टेकते आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो. दुसरा प्रकार चालताना वा शिडी चढताना घडतो. बोट चापावर असते, बंदुकीचे तोंड स्वतःच्या गुडघ्याला किंवा सोबत्याच्या पाठीला लागते, आणि पुढचे सांगावयास नको. तिसरा, पातळ फळीतून खिळा आरपार जाऊन पलीकडे धरलेल्या हातात घुसणे. चौथा, लाकडातील गाठीवर, जुन्या खिळ्यावर वा लोखंडी पट्टीवर आपटून खिळा उलटणे. पाचवा, फळीच्या अगदी कडेवर मारताना नेम चुकून खिळा हवेत सुटणे. सहावा, डोक्यावर हात करून वा अवघडून मारताना तोल जाणे. आणि सातवा, जो सर्वांत अक्षम्य म्हटला पाहिजे, तो म्हणजे चाप तारेने बांधून ठेवणे किंवा सुरक्षापट्टीची स्प्रिंग काढून टाकणे. पहिल्या सहा प्रकारांत माणूस चुकतो. सातव्यात तो अपघाताला हाताने दार उघडून देतो.

यांवरील उपायही तितकेच सुटसुटीत आहेत. खिळा मारावयाच्या क्षणाखेरीज बोट चापावर नसावे. दुसरा हात खिळ्याच्या जागेपासून निदान बारा इंच दूर असावा. तुकडा एवढा लहान असेल की हात दूर ठेवणे शक्यच नाही, तर तो शिकंज्यात धरावा. फळीच्या मागे कोण उभे आहे, हे आधी पाहावे. गाठ, जुना खिळा, लोखंड यांची चाचपणी करून मगच तोंड टेकवावे. खांद्याच्या वर, अंगाच्या अगदी जवळ किंवा अडचणीच्या कोपऱ्यात काम असेल, तर तेवढ्यापुरती हातोडी घ्यावी. त्यात कसलाही कमीपणा नाही. अडकलेला खिळा काढताना, बंदूक दुसऱ्याच्या हाती देताना, शिडी चढताना आणि जेवणाच्या सुट्टीत उठताना हवेची नळी काढून ठेवावी. नळी पुन्हा जोडण्यास काही सेकंद लागतात, आणि अडकलेल्या खिळ्याशी झटताना झालेली जखम काही सेकंदांत बरी होत नाही.

बंदुकीला द्यावयाची हवा नेहमी कॉम्प्रेसरचीच असावी. वेल्डिंगच्या कामासाठी ठेवलेला ऑक्सिजनचा किंवा दुसऱ्या कोणत्याही वायूचा नळकांडा तिला कदापि जोडू नये; त्यातून स्फोट होऊ शकतो. हवेचा दाबही यंत्रावर लिहिलेल्या मर्यादेतच असावा. दाब वाढविला म्हणजे काम चांगले होते असे नाही. खिळा मात्र हवा त्याहून खोल जातो.

डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला मजबूत चष्मा असावा. साध्या नंबरच्या चष्म्याने हे काम भागत नाही. शेजारी उभे राहून फळी धरणाऱ्यालाही तो दिला पाहिजे, कारण उलटलेला खिळा मारणारा कोण आणि धरणारा कोण हे विचारीत नाही. या बंदुकांचा आवाज क्षणिक असला तरी १०९ ते १३६ डेसिबलपर्यंत जातो; दिवसभर तो ऐकणाऱ्या कानांना आज काही जाणवत नाही, पुढे वय झाल्यावर जाणवते. यास्तव कानांत बोळे किंवा कानांवर आच्छादन असावे. पायांत चपलांऐवजी बंद आणि जाड बूट असावेत.

इतके करूनही खिळा लागलाच, तर काय करावे ? प्रथम नळी काढावी, म्हणजे दुसरा अपघात टळेल. खिळा हातात रुतला असेल तर तो पकडीने उपटण्याचा मोह आवरावा. पुष्कळ खिळ्यांना बारीक काटे असतात; ते बाहेर येताना आतील शिरा आणि स्नायुबंध फाडीत येतात. शिवाय खिळे एकमेकांना जोडण्यासाठी वापरलेल्या तारेचे, कागदाचे वा प्लॅस्टिकचे तुकडे जखमेत राहून ती चिघळू शकते. म्हणून खिळा आहे तसा ठेवून जखमीला रुग्णालयात न्यावे, आणि त्याच पट्टीतील एक खिळा सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवावा. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. डोळ्यात काही गेले असेल तर डोळा चोळू नये, आणि त्यास हात लावण्याचे धाडस कोणी करू नये. जखमेचे तोंड बारीक दिसते म्हणून हळद भरून पुन्हा कामाला लागणे ही मोठी चूक होय. हाताच्या अशा जखमांपैकी चारांतील एका जखमेत सांधा, मज्जातंतू, स्नायुबंध किंवा हाड यांना इजा झालेली आढळली होती. बाहेरून ती दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बोट वळेनासे झाले म्हणजे कळते.

शेवटचा मुद्दा यंत्राचा नसून माणसांचा आहे. रोजावर काम करणारा मुलगा जखम लपवितो, कारण ती सांगितली तर रोज बुडेल किंवा मिस्त्री रागावतील, अशी त्याला भीती वाटते. काम अंगावर घेतलेला कारागीर नळी काढीत नाही, कारण नगावर मजुरी ठरलेली असते. जेथे थोडक्यात हुकलेला अपघात हसण्यावारी नेला जातो, तेथे खरा अपघात फार दूर नसतो. मिस्त्रींनी नव्या मुलाच्या हाती बंदूक देण्यापूर्वी तासभर त्याला टाकाऊ फळीवर आपल्या देखत खिळे मारावयास लावावे. नळी जोडणे, काढणे आणि अडकलेला खिळा सोडविणे हे त्याच्याकडून करवून घ्यावे. आणि “मिस्त्री, आज खिळा हातापासून दोन बोटांवरून गेला,” असे त्याने येऊन सांगितले, तर त्याला रागे न भरता त्या प्रसंगाची सर्वांसमोर चर्चा करावी. तासाभराच्या मजुरीपलीकडे याला खर्च नाही.

बारीक खिळ्याला मराठीत ‘चूक’ असेही म्हणतात. लाकडात मारलेली चूक पकडीने उपटून पुन्हा नीट मारता येते. हातात गेलेली चूक मात्र तशी दुरुस्त होत नाही, आणि सुताराच्या घरची चूल त्याच्या दोन हातांवरच पेटत असते. वेग हवा असेल तर तो यंत्राने अवश्य द्यावा; परंतु चापावर बोट केव्हा ठेवावयाचे, हे ठरविण्याचे काम माणसाने यंत्रावर सोपवू नये.