विषाची मात्रा



पवना धरणाच्या काठी हल्ली तंबू ठोकून राहायची टूम आहे. थंडी वाजली तरी तंबूत शेगडी पेटवून झोपू नका. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ना रंग ना वास, रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. आणि याच वायूकडे काही संशोधक सिकलसेलवरचं औषध म्हणून पाहताहेत!

नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ऑक्सिजन सोडला की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हातपाय असे ठणकतात की पोर रात्रभर विव्हळतं. तपासणी मात्र साधी. बोटातलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, मागे रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की शंका घ्यायची आणि पुढची तपासणी करायची.

कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन असं एकमेकांना चिकटत नाही. १९७५ साली अमेरिकेत अर्नेस्ट ब्यूटलर यांनी रुग्णांना तो मोजूनमापून हुंगवला, तेव्हा तांबड्या पेशी जास्त दिवस टिकल्या. मग घोडं अडलं कुठे? वायूने अडवलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहत नाही, आणि या रुग्णांचं रक्त मुळातच कमी. शिवाय काही तासांत वायू श्वासावाटे निघूनही जातो.

दुसरा वायू नायट्रिक ऑक्साइड. तो रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. तेव्हा तो हुंगवला की कळा लवकर थांबतील, हे भल्याभल्यांना पटलं होतं. १५० रुग्णांवर चाचणी झाली. २०११ मध्ये निकाल आला: नुसता नायट्रोजन हुंगलेल्यांपेक्षा काडीचाही फरक नाही! मला हा फसलेला प्रयोग फार आवडतो. तो छापला गेला, दडपला नाही.

कार्बन मोनॉक्साइड आता पिण्याच्या द्रवातून देऊन पाहताहेत. तोवर आपल्याकडच्या पोरांना हायड्रॉक्सियुरिया या औषधाची गोळी, भरपूर पाणी आणि थंडीत अंगभर गरम कपडे.